क्लच दाबला की पकड सुटते!

गाडी शिकवणारे मास्तर पहिल्याच दिवशी सांगतात, “क्लच दाब, गिअर टाक, आता हळूहळू सोड.” इंग्रजीत क्लच या क्रियापदाचा अर्थ मात्र गच्च धरणं. मग पाय दाबल्यावर नेमकं काय धरलं जातं? काहीच नाही. उलट, धरलेलं सुटतं!

गंमत आत आहे. इंजिनाबरोबर फ्लायव्हील नावाचं जड चाक फिरत असतं आणि त्याला क्लच प्लेट चिकटलेली असते. एक दणकट स्प्रिंग तिला सतत दाबून धरते, म्हणून दोन्ही एकजीव फिरतात आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत जाते. ही पकड कायमचीच. पेडल दाबून आपण फक्त ती सोडवतो. हाफ क्लचला प्लेट धड चिकटत नाही, धड सुटत नाही, नुसती घासत राहते. घाटात गाड्या तुंबल्या की तो करपल्यासारखा वास येतो ना, तो बऱ्याचदा याच घासणाऱ्या प्लेटचा. म्हणून चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका, सरळ हँडब्रेक ओढा. नाहीतर मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधीच सांगेल, “क्लच प्लेट गेली.” यंत्राच्या भागाला हे नाव पडलं तेव्हा मोटारगाडीचा जन्मही झाला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यातले फिरते भाग जोडण्या-सोडण्याच्या कळीला ते दिलं गेलं.

शब्द त्याहून कितीतरी जुना. जुन्या इंग्रजीत ‘क्लिच्चन’ म्हणजे बोटं आत वळवणं. पण नुसतं धरणं आणि क्लच करणं यात फरक आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. बॅटची मूठ धरली, ती ग्रिप. मुद्दा नीट उमगला, तर ग्रास्प. ओलं कापड अंगाला चिकटलं किंवा पोर आईला बिलगलं, की क्लिंग. रागाने मुठी वळल्या, दात आवळले, तर क्लेंच. तिथे हातात काही असावंच लागत नाही. क्लचला मात्र वस्तू लागते, आणि ती निसटेल ही धास्तीही. एसटीने करकचून ब्रेक मारला की आपण वरचा दांडा ज्या जिवाच्या आकांताने पकडतो, ते क्लच. मराठीत त्याला एकच शब्द शोधू नये. पैशांची पिशवी छातीशी कवटाळतात, जीव मुठीत धरतात, फाईल काखोटीला मारतात. आपल्याकडे प्रत्येक पकडीला वेगळं क्रियापद आहे, ही केवढी श्रीमंती!

आता एक बारकावा, इंग्रजी लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा. नुसतं क्लच म्हटलं तर वस्तू हातात आली. पुढे ‘अ‍ॅट’ लावलं तर धरायची धडपड झाली, पण हाती लागेलच असं नाही. बुडता माणूस काडी धरू पाहतो तो हाच क्लच-अ‍ॅट, म्हणजे आपला ‘बुडत्याला काडीचा आधार’. शेक्सपिअरच्या मॅकबेथला हवेत खंजीर दिसतो. तो धरायला जातो आणि मुठीत काहीच येत नाही. त्या प्रसंगी शेक्सपिअरने क्लच हेच क्रियापद वापरलं आहे.

या शब्दाचं नाम झालं की त्याला नखं फुटतात. पूर्वी क्लच म्हणजे थेट पंजा, शिकारी पक्ष्याचा असतो तसा. कुणाच्या ‘क्लचेस’मध्ये सापडणं म्हणजे आपलं तावडीत सापडणं. आणि इथे आपल्या बाजारातल्या क्लचरला दाद द्यायला हवी. केसांचा अंबाडा एका चिमटीत धरणारा तो दातेरी चाप इंग्लंड-अमेरिकेत ‘क्लॉ क्लिप’ म्हणून विकला जातो, म्हणजे पंजाचा चाप. आपण त्याला क्लचर म्हणतो आणि नकळत या शब्दाच्या जुन्या अर्थापाशी जाऊन पोचतो. लग्नात मिरवायच्या क्लच नावाच्या बटव्याला तर पट्टाच नसतो. तो हातातच धरावा लागतो, म्हणून ते नाव.

एक क्लच मात्र या घराण्यातला नाही: अंड्यांचा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत खड्डा करून एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालते. त्या सगळ्या अंड्यांना मिळून अभ्यासक क्लच म्हणतात. हा शब्द अंडी उबवण्याच्या जुन्या नॉर्स क्रियापदावरून आला. उच्चार तोच, कूळ वेगळं.

मोबाइलवर खेळणारी पोरं “क्लच केला!” म्हणून ओरडतात, ते अमेरिकेतल्या बेसबॉलचं देणं. सगळे साथीदार बाद झाले, समोर चौघे उभे आणि उरलेल्या एकट्याने डाव जिंकला, की झाला क्लच. अटीतटीचा तो क्षणच जणू मुठीत धरलेला असतो.

परत त्या स्प्रिंगकडे येऊ. झाडाला उलटं लटकलेलं वटवाघूळ झोपलं तरी खाली पडत नाही. शरीराच्या वजनाने त्याच्या पायातले स्नायुबंध ताणले जातात आणि नखं आपोआप मिटून राहतात. जोर लावावा लागतो तो सोडताना, अगदी गाडीच्या क्लचसारखा. आपलंही तसंच. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या तळव्यावर बोट टेकवा, ते लगेच मूठ आवळतं. ही उपजत पकड पाच-सहा महिन्यांत ओसरते. ठरवून सोडणं त्यानंतर कितीतरी दिवसांनी जमतं. वर्षाच्या आतबाहेरचं बाळ उंच खुर्चीत बसून चमचा खाली टाकतं. आपण उचलून देतो. ते चमच्याकडे बघतं, बोटं एकेक करून उघडतं आणि पुन्हा टाकतं. रागावू नका, द्या उचलून. सोडायचं कसं, ते त्याला आत्ताच जमायला लागलंय.