सर्वोत्तम ठरला, तरीही बाहेर राहिला : हॉकी प्रशिक्षक टेड नोलन

वर्षातील सर्वांत चांगला प्रशिक्षक म्हणून ज्याच्या हाती मानाचे पारितोषिक दिले गेले, त्याच माणसाला पुढची नऊ वर्षे त्या लीगमध्ये प्रशिक्षकाचे काम मिळाले नाही. ही हकिगत कॅनडातील आहे आणि खेळ बर्फावरच्या हॉकीचा आहे. पण ती वाचताना आमच्या वाचकांना ती फार दूरची वाटणार नाही, याची आम्हाला खात्री आहे.

त्या माणसाचे नाव टेड नोलन. ७ एप्रिल १९५८ रोजी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात त्यांचा जन्म झाला. ते ओजिब्वे या आदिवासी समाजाचे. कोलंबस वाट चुकून अमेरिकेला लागला आणि तिथल्या लोकांना ‘इंडियन’ म्हणू लागला, त्याच लोकांपैकी हे. गोरे लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून ती भूमी त्यांचीच होती. पुढे करार झाले, कायदे झाले. १८७६ च्या ‘इंडियन अ‍ॅक्ट’ने त्यांच्या जगण्याचा जवळजवळ सर्व कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. त्यांना राहायला ज्या जमिनी नेमून दिल्या, त्यांना ‘रिझर्व्ह’ म्हणतात. हा शब्द ऐकून आपल्याकडच्या राखीव जागा डोळ्यांसमोर आणू नयेत. रिझर्व्ह म्हणजे शहराबाहेरची वेगळी वस्ती. या लोकांना आपली ओळख न सोडता देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला तो १९६० साली. तेव्हा टेड दोन वर्षांचा होता.

बादलीने पाणी वाहून केलेले मैदान

सू सेंट मेरी या शहराला लागून गार्डन रिव्हर नावाची वस्ती आहे. तिथे नोलन कुटुंब राहत होते. घरात बारा भावंडे. वीज नाही, नळ नाही. हिवाळ्यात टेड बादल्यांनी पाणी वाहून आणी आणि घरामागच्या जागेत ओती. थंडीने ते गोठले की बर्फाचे मैदान तयार! याच मैदानावर तो हॉकी शिकला.

बर्फावरची हॉकी आपल्या हॉकीहून निराळी. पायांत धारदार पाती लावलेले बूट, हातात काठी आणि चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती. तिला ‘पक’ म्हणतात. एका वेळी एका बाजूचे सहा खेळाडू बर्फावर असतात. खेळ इतका दमछाक करणारा की खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळतो आणि बाकावर येतो. त्याच्या जागी दुसरा उतरतो. कोणाला केव्हा उतरवायचे हे प्रशिक्षक ठरवतो. म्हणून या खेळात प्रशिक्षकाला फार महत्त्व असते.

टेड चौदा वर्षांचा असताना वडील वारले. सोळाव्या-सतराव्या वर्षी तो घरापासून शेकडो मैल दूर केनोरा या गावी तरुणांच्या संघात खेळायला गेला. तिथे त्याला आपली जात, म्हणजे तिथल्या भाषेत आपला वंश, पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळला. शिव्या, टोमणे आणि मारामाऱ्या हे रोजचेच झाले. विरोधी संघ सोडा, स्वतःच्या संघातही त्याला सुख नव्हते. पण पोरगा टिकला. पुढे तो सू सेंट मेरीच्या ‘ग्रेहाउंड्स’ संघात आला. १९७७-७८ च्या हंगामात वेन ग्रेट्झ्की हा या खेळातला पुढे जगप्रसिद्ध झालेला खेळाडू त्याच्याच संघात होता.

१९७८ साली डेट्रॉइटच्या संघाने त्याची निवड केली. ‘नॅशनल हॉकी लीग’ म्हणजेच एनएचएल ही या खेळातली सर्वांत मोठी धंदेवाईक स्पर्धा. तिथे आदिवासी खेळाडू किती विरळ होते हे समजण्यासाठी एक नाव सांगतो. फ्रेड सासाकामूस हे या मार्गावरचे पहिल्या पिढीचे खेळाडू. ते १९५३-५४ साली शिकागोकडून अवघे अकरा सामने खेळले होते. नोलन डेट्रॉइट आणि पिट्सबर्ग मिळून ७८ सामने खेळले. त्यांत सहा गोल केले. मग पाठीच्या दुखण्याने खेळ संपवला. वय तिशीच्या आत. मध्यंतरी, १९८१ साली, दारूच्या नशेत गाडी हाकणाऱ्या एका माणसाने त्यांच्या आईचा, रोज नोलन यांचा, जीव घेतला होता.

प्रशिक्षक

पाठ गेली तरी डोके शाबूत होते. १९८८-८९ च्या हंगामात नोलन आपल्या जुन्या ग्रेहाउंड्स संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. १९९१, १९९२ आणि १९९३ अशी सलग तीन वर्षे त्यांनी हा संघ कॅनडाच्या ‘मेमोरियल कप’पर्यंत नेला. तरुणांच्या हॉकीतली ही सर्वांत मोठी स्पर्धा. तिसऱ्या खेपेला, आपल्याच गावच्या मैदानावर, त्यांनी तो कप जिंकला.

१९९५ साली बफेलो सेबर्स या एनएचएल संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. पहिल्या हंगामात संघ हरला अधिक, जिंकला कमी. दुसऱ्या हंगामात, १९९६-९७ मध्ये, त्याच संघाने ४० सामने जिंकले आणि आपल्या गटात पहिला क्रमांक पटकावला. डॉमिनिक हाशेक हा असामान्य गोलरक्षक संघात होता हे खरे. पण बाकी नावाजलेले खेळाडू फारसे नव्हते. सर्वांत कष्टाळू संघ अशी त्याची ख्याती झाली. त्या वर्षीचे ‘जॅक अ‍ॅडम्स’ पारितोषिक, म्हणजे सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान, नोलन यांना मिळाला.

मात्र संघाचा व्यवस्थापक आणि गोलरक्षक हाशेक या दोघांशीही नोलन यांचे बिनसले होते. व्यवस्थापकाला संघाने काढले. नोलन यांच्यापुढे फक्त एका वर्षाचा करार ठेवला. वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाला एकच वर्ष! त्यांनी तो नाकारला. सुरुवातीला आलेला दुसऱ्या एका संघाचा प्रस्तावही त्यांनी स्वीकारला नाही. त्यानंतर दारे बंद झाली. त्या काळी लीगमध्ये २६ संघ होते, पुढे ३० झाले. दरवर्षी कितीतरी प्रशिक्षक बदलले जात. हरलेल्यांनाही नवी कामे मिळत. नोलन यांना नाही. त्यांच्याविषयी कुजबूज मात्र पसरत राहिली. तोंडावर कोणी काही बोलत नसे, म्हणून उत्तर तरी कोणाला द्यायचे? आदिवासी माणसाविषयी मनात जी जुनी चित्रे असतात, त्यांतूनच हे बोलणे येते, असे नोलन यांनी पुढे उघड सांगितले.

वाचकहो, अंगात गुण असूनही जागा ‘भरली’ असल्याचे ऐकून परत आलेली माणसे आपल्या घराघरांत आहेत. नकाराचे कारण कागदावर कधीच लिहिलेले नसते. म्हणून ही नऊ वर्षे आम्हाला त्या पारितोषिकापेक्षाही अधिक महत्त्वाची वाटतात.

ही वर्षे वाया गेली का?

या काळात नोलन आदिवासी वस्त्यांमध्ये हिंडले, मुलांशी बोलले. २००४ साली त्यांनी आपल्या नावाने प्रतिष्ठान काढले आणि आईच्या नावाने आदिवासी स्त्रियांच्या शिक्षणासाठी निधी उभारला. २००५ साली ते पुन्हा तरुणांच्या हॉकीत, मॉन्क्टनच्या संघाकडे आले. त्या हंगामात एका परगावच्या सामन्यात प्रेक्षकांनी आदिवासींच्या नकला करून, धनुष्यबाण ओढल्याचे हावभाव करून त्यांची टवाळी केली. सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळवलेल्या माणसाची ही गत! तरी मॉन्क्टनने त्या वर्षी आपल्या लीगचे अजिंक्यपद मिळवले. २००६ साली अखेर न्यूयॉर्क आयलंडर्स या एनएचएल संघाने त्यांना बोलावले आणि पहिल्याच हंगामात हा संघ बाद फेरीत पोचला. २००८ मध्ये मालक-व्यवस्थापनाशी मतभेद होऊन ते तिथूनही दूर झाले.

२०११ पासून नोलन लाटव्हिया या युरोपातल्या छोट्या देशाच्या संघाचे प्रशिक्षक होते. देशाची लोकसंख्या सुमारे वीस लाख. २०१४ च्या सोची येथील ऑलिंपिकमध्ये या संघाने स्वित्झर्लंडला ३-१ असे हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. पुढचा सामना होता कॅनडाशी, म्हणजे नोलन यांच्या स्वतःच्या देशाशी! कॅनडाने गोलवर ५७ फटके मारले. लाटव्हियाचा तरुण गोलरक्षक क्रिस्तर्स गुडलेव्हस्किस याने त्यांपैकी ५५ अडवले. कॅनडा जिंकला, पण २-१ असा, निसटता. आणि पुढे सुवर्णपदकही त्यानेच नेले. ज्यांना कोणी हिशेबात धरत नाही अशा खेळाडूंना उभे करणे ही नोलन यांची हातोटी. ती त्यांनी कुठल्या पुस्तकातून शिकली नसावी.

त्याच सुमारास, नोव्हेंबर २०१३ मध्ये, बफेलोच्या संघानेही त्यांना परत बोलावले होते. तिथे ते २०१५ पर्यंत राहिले. पुढे ते पोलंडच्या संघाचेही प्रशिक्षक झाले. त्यांचे ब्रँडन आणि जॉर्डन हे दोन्ही मुलगे एनएचएलमध्ये खेळले. जॉर्डन तर २०१२ आणि २०१४ साली स्टॅनली कप जिंकणाऱ्या लॉस एंजेलिसच्या संघात होता. बाप आणि दोन लेक मिळून आदिवासी मुलांसाठी हॉकीची शिबिरे घेऊ लागले. २०२३ साली नोलन यांचे आत्मकथनही प्रसिद्ध झाले.

आपल्या मुलांना खेळाडूंच्या गोष्टी सांगताना आपण बहुधा कप आणि पदके यांवरच थांबतो. टेड नोलन यांची गोष्ट घरात सांगाल तेव्हा ती पुरी सांगा. बादलीने पाणी वाहणारा मुलगा सांगा, पारितोषिक सांगा, आणि ती नऊ वर्षेही सांगा. आपण कमी पडलो म्हणूनच दार उघडले नाही, असे प्रत्येक वेळी नसते, हे मुलांना वेळीच कळलेले बरे. आणि दार बंद असले तरी आपल्या वस्तीतल्या पोरांना शिकवायला कोणाच्या नेमणुकीची वाट पाहावी लागत नाही, हेही.