पत्ता एक, जागा दुसरी

चेन्नईतील अनेक घरांच्या दारांवर दोन क्रमांक आढळतात. एक जुना व एक नवा. घर जागचे हलत नाही. ते शोधण्याच्या खुणा मात्र दोन होतात. संगणकाच्या स्मृतीतही काहीशी अशीच व्यवस्था असते. स्मृतीतील प्रत्यक्ष जागेचा क्रमांक तो भौतिक पत्ता, आणि प्रोग्रॅम ज्या क्रमांकाने ती जागा मागतो तो आभासी पत्ता. ही कल्पना मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलास संगणकाने १९६२ साली व्यवहारात आणली.

चेन्नईच्याच आय.आय.टी. मद्रास या संस्थेत विकसित झालेल्या 'शक्ती' प्रोसेसरावर २०१८ मध्ये लिनक्स ही कार्यप्रणाली चालली. तो ज्या रिस्क-फाइव्ह रचनेवर आधारलेला आहे, तिच्यातील एका रूढ पद्धतीत आभासी पत्ता ३९ बिटांचा असतो. स्मृतीची ४,०९६ बाइटांची पाने पाडलेली असतात. पत्त्याचे अखेरचे १२ बिट पानातील स्थान दर्शवितात; ते बदलत नाहीत. उरलेल्या २७ बिटांचे नऊ-नऊचे तीन भाग होतात, आणि प्रत्येक भाग एकेका तक्त्यातील ५१२ नोंदींपैकी एक निवडतो. पहिली नोंद दुसऱ्या तक्त्याकडे, दुसरी तिसऱ्याकडे आणि तिसरी प्रत्यक्ष पानाकडे नेते. वाचन, लेखन व अंमल यांची परवानगीही नोंदीतच असते. म्हणूनच एका प्रोग्रॅमची चूक सहसा दुसऱ्याच्या घरात शिरत नाही.

हे तक्ते रचणाऱ्याची कसोटी आरंभीच लागते. संगणक सुरू होताना हे रूपांतर बंद असते. कार्यप्रणालीचा गाभा तक्ते तयार करतो व एका आज्ञेने रूपांतर चालू करतो. लगेच पुढची आज्ञा नव्या तक्त्यातून शोधली जाते. ती ज्या पानावर आहे त्याचीच नोंद राहून गेली असेल, तर बसलेली फांदी तोडल्यासारखे होते. म्हणून त्या पानापुरते दोन्ही पत्ते काही काळ एकच ठेवण्याचा प्रघात आहे.

दुसरी दक्षता टिपणांची. वेग साधण्यासाठी प्रोसेसर अलीकडच्या नोंदी स्वतःजवळ टिपून ठेवतो. तक्ता बदलूनही ही टिपणे पुसली नाहीत, तर टपाल जुन्याच घरी जात राहते. आणि तेथे एव्हाना दुसराच भाडेकरू आलेला असतो. हा दोष नेहमी प्रकट होत नाही, म्हणूनच तो अधिक घातक ठरतो.