स्टिअरिंग जड लागले की आधी तेल पहा

दोन ट्रॉल्या ऊस घेऊन धारूरचा घाट उतरताना ट्रॅक्टरचे स्टिअरिंग जड झाले तर काय प्रसंग ओढवतो, हे सांगायला नको. पॉवर स्टिअरिंगला बळ मिळते ते इंजिनावर चालणाऱ्या पंपाच्या तेल-दाबातून. डिझेल वाचवायचे म्हणून उतारावर इंजिन बंद केले की दाबही गेलाच! ही सवय ड्रायव्हरला आधी सोडायला लावावी.

स्टिअरिंग जड लागले तर प्रथम पुढच्या टायरांतली हवा, मग तेलाची पातळी पहावी. वळताना पंप कण्हतो, तेलाला फेस येतो, तेव्हा तेल कमी आहे किंवा पंपाकडे येणाऱ्या नळीत हवा शिरते आहे असे समजावे. नुसते तेल ओतत राहून भागत नाही. गेले कुठे ते शोधा. रात्री पुढच्या ॲक्सलखाली पुठ्ठा अंथरावा. सकाळी डाग बोलतो. बहुधा नळीचा जोड नाहीतर सिलिंडरच्या दांड्याचे सील गळत असते.

इंजिन चालू असताना नळीवरून बोट फिरवू नये. बारीक छिद्रातून दाबाने सुटलेले तेल कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.