गाडी झोपते कुठं?

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की पेट्रोलची, हा विषय कोल्हापुरात निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एका चार्जिंगला पळती किती?" आणि लगेच दुसरा : "पुण्याला जाऊन येती काय?" वास्तविक विचारणारा माणूस वर्षातून चार वेळा पुण्याला जातो. उरलेले ३६० दिवस तो रंकाळा, राजारामपुरी, महाद्वार रोड एवढ्यातच फिरत असतो. पण गाडी घेताना डोळ्यांसमोर असतात ते चार दिवसच.

म्हणून पळण्याचं नंतर बघू. आधी गाडी रात्री झोपते कुठं ते सांगा. नागाळा पार्कात, रुईकर कॉलनीत बंगल्याच्या फाटकाआड? की शिवाजी पेठेत गल्लीच्या तोंडाला, जागा मिळेल तिथं, दुसऱ्याच्या दारात? निम्मा निकाल इथंच लागतो. उरलेला निम्मा मजेशीर आहे.

दोन किलोमीटरचा छळ

पेट्रोलच्या इंजिनाला सगळ्यात वाईट काय वाटत असेल तर ते गार असताना धावणं. सुरुवातीला त्याला जादा पेट्रोल लागतं, ऑइल अजून दाट असतं, आणि इंजिन अंगात येईपर्यंत आपण भाजी घेऊन परत आलेलो असतो. कोल्हापूरचं गाव तर असं, की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला सहा-सात किलोमीटर पुरतात. म्हणजे पेट्रोल गाडीला जे सोसत नाही, तेच आपण तिच्याकडून रोज करून घेतो.

मोटरीचं तसं नाही. तिला जागं व्हायला वेळ लागत नाही. तालमीतला पैलवान आधी जोर-बैठका मारून अंग तापवतो, मग लाल मातीत उतरतो. मोटर मात्र सलामी झडायच्या आत पट काढते. शून्य फेऱ्यांपासूनच तिचा पूर्ण जोर लागतो. सिग्नलला शेजारी इलेक्ट्रिक गाडी उभी असेल तर उगाच ईर्ष्या करू नका, भावा.

आणखी एक उलटी गंमत. पेट्रोल गाडी हायवेवर जास्त ॲव्हरेज देते आणि गावात कमी. इलेक्ट्रिकचं बरोबर उलट. गावात ब्रेक मारताना ती थोडी वीज परत कमावते. हायवेवर शंभरच्या वेगानं वारा कापताना बॅटरी डोळ्यांदेखत उतरते.

एक लिटर म्हणजे किती युनिट?

एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. इलेक्ट्रिक गाडी गावात एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे ९ युनिटांत साठेक किलोमीटर. पेट्रोल गाडी तेवढ्याच ऊर्जेत पंधरा. मग बाकीचं पेट्रोल गेलं कुठं? उष्णतेत. बॉनेटवर हात ठेवून बघा. चटका बसतो त्याचेही पैसे तुम्ही पंपावर मोजलेले असतात.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला गाड्यांच्या रांगेत तासभर एसी लावून बसलात तर पेट्रोल गाडी जागच्या जागी पाऊण लिटरच्या आसपास पिते. इलेक्ट्रिक गाडीला त्याच तासाला युनिटभर वीज लागते.

पन्हाळ्याचं गणित

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर, पन्हाळा साडेनऊशेच्या घरात. म्हणजे चारशे मीटरची चढण. माणसांसकट सतराशे किलोची गाडी तेवढी वर उचलायची तर नुसत्या चढणीपोटी पावणेदोन ते दोन युनिट लागतात. वीस किलोमीटर अंतर कापायचा खर्च वेगळा.

खरी मजा उतरताना. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की मोटर जनित्र होते, गाडी अडवते आणि वीज बॅटरीत ढकलते. चढताना खर्च झालेल्यातलं जवळपास एक युनिट खाली पोचेपर्यंत परत मिळालेलं असतं. पेट्रोल गाडी उतारावर फार तर पेट्रोल प्यायची थांबते. टाकीतला काटा वर चढलेला आजवर कुणी पाहिलेला नाही.

पण यातही एक मेख आहे. पन्हाळ्यावरच राहणाऱ्यानं रात्रभर लावून गाडी शंभर टक्के भरली आणि सकाळी खाली निघाला, तर परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. गडावरच्या माणसानं थोडं आधीच थांबावं, बाकीचं गड देतो.

एका मोटरीनं दुसरीचा घात केला

इलेक्ट्रिक गाडी नवीन आहे असं वाटणाऱ्यांसाठी : ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटारगाडी विजेवर चालणारी होती. २९ एप्रिल १८९९, पॅरिसजवळ, चालवणारा बेल्जियमचा कामिय जेनात्झी. पुढं स्वस्त पेट्रोल गाड्या घरोघरी पोचवणाऱ्या हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची विजेची गाडी चालवायची. पेट्रोल गाडीला तेव्हा हँडल मारावं लागे. उलटा झटका बसला तर हात मोडायचा. १९१२ मध्ये कॅडिलॅकनं सेल्फ स्टार्टर आणला आणि हँडल सुटलं. विजेच्या गाडीचा बाजार उठवला तो एका छोट्या विजेच्या मोटरीनंच.

आपल्याकडं बंगळुरूची 'रेवा' २००१ मध्ये आली. लोक हसले. लंडनमध्ये तीच गाडी 'जी-विझ' नावानं फिरली. २०२० च्या जानेवारीत नेक्सॉन ईव्ही आली, तेव्हा हसणं थांबलं.

आणि एसटीनं तर मुहूर्त साधला. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली होती. १ जून २०२२ ला पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' सुटली ती त्याच मार्गावर. कोल्हापूरच्या केएमटीलाही केंद्राच्या योजनेतून शंभर ई-बस मंजूर आहेत.

ऊस दोन्ही पार्ट्यांत

आता खास आपला विषय. पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलच्या दर लिटरमध्ये २०० मिलिलिटर इथेनॉल असतं, आणि इथेनॉलचा एक मोठा स्रोत ऊस. त्यामुळं शिरोळ-हातकणंगल्याच्या शेतकऱ्याची पेट्रोल गाडी काही अंशी त्याच्याच फडातल्या उसावर पळत असण्याची शक्यता आहे. (इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. ॲव्हरेज किंचित उतरलं म्हणून मेस्त्रीशी भांडू नका.)

मग इलेक्ट्रिक गाडीवाला उसापासून सुटला? तोही नाही. रस काढून उरलेल्या बगॅसवर आपले साखर कारखाने वीज करतात आणि ती महावितरणच्या तारांत जाते. रस पेट्रोलला, चिपाड विजेला. जिल्ह्याच्या राजकारणात दोन्ही पार्ट्यांत पाय ठेवणारी माणसं खूप पाहिली. हा तर ऊसच तसा निघाला.

खरं सांगायचं तर राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशाचीच. जवळच्या कोयनेची १,९६० मेगावॉट जलविद्युत क्षमता आणि शाहू महाराजांनी पाया घातलेल्या राधानगरी धरणावरची वीज यांचा अभिमान जरूर धरावा, पण माझी गाडी निव्वळ पाण्यावर पळते असं कट्ट्यावर सांगू नये.

फौंड्रीवाल्याच्या कपाळावरची आठी

इलेक्ट्रिक गाडीचं बॉनेट उघडल्यावर बाकीच्या गावांतला माणूस म्हणतो, "अरेच्चा, इंजिनच नाही!" कोल्हापूरचा माणूस तेच म्हणतो, पण त्याचा सूर वेगळा असतो. कारण ते इंजिन त्याच्या गावात ओतलं जातं. उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपपासून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीपर्यंत शेकडो भट्ट्या आणि मशीन शॉप आहेत. सिलिंडर ब्लॉक, सिलिंडर हेड, पिस्टन, बेअरिंग हा इथला रोजचा माल. कागलला किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना आहे.

चार सिलिंडरच्या गाडीत चार पिस्टन. इलेक्ट्रिक गाडीत शून्य. क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, सायलेन्सर, क्लच प्लेट, स्पार्क प्लग : सगळ्यांना रामराम. मालकाला हा सर्व्हिसिंगचा वाचलेला खर्च वाटतो, शिरोलीतल्या मोल्डरला हीच गेलेली ऑर्डर दिसते. एकाच घरात थोरला फौंड्रीत आणि धाकट्यानं इलेक्ट्रिक गाडी बुक केलेली, असं आता होणारच. जेवताना विषय काढू नये.

लगेच रडायचंही कारण नाही. ब्रेक आणि सस्पेन्शन विजेच्या गाडीलाही लागतं. ट्रॅक्टर, पंप, जनरेटर, मोठे ट्रक इतक्यात बॅटरीवर जात नाहीत. मात्र मोटरीच्या आवरणाला बिडापेक्षा ॲल्युमिनियम जास्त लागतं, आणि बिडाच्या भट्टीवर हात बसलेल्या गावाला हा बदल दिसतो तेवढा सोपा नाही. माझ्या मते कोल्हापुरात इलेक्ट्रिक गाडीबद्दलची खरी चर्चा शोरूमच्या काचेआड होत नाही, ती भट्टीशेजारी होते.

महापुरात कोण तरतं?

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, टँकर येईनात, पंपांवर पेट्रोलचा खडखडाट. इलेक्ट्रिकवाल्यानं इथं कॉलर ताठ करावी तर त्याच वेळी गावाच्या मोठ्या भागात वीजही गेली होती. पुरानं दोघांनाही सारखंच घरात बसवलं असतं.

तांत्रिकदृष्ट्या मात्र फरक आहे. पेट्रोल इंजिन हवा ओढतं. हवेच्या वाटेनं पाणी शिरलं की इंजिन जाम आणि बिल लाखात. विजेच्या गाडीला श्वासच घ्यायचा नसतो, आणि बहुतेक गाड्यांची बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी सीलबंद असते. म्हणून पंचगंगेच्या पाण्यात गाडी घालून व्हिडिओ काढायचा नाही. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्याचा आहे. पुराच्या पाण्यातून गाडी गेलीच, तर तपासल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

भर्रकन चार

हिरव्या नंबरप्लेटवर पांढरी अक्षरं असतील तर खासगी इलेक्ट्रिक गाडी, पिवळी असतील तर भाड्याची.

मोठी बॅटरी फुल्ल आणि तरी गाडी चालू होईना, असं होऊ शकतं. इलेक्ट्रिक गाडीतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. दिवे, दरवाजे, कॉम्प्युटर तिच्यावर. ती बसली की सगळं बसलं. आणि इथं "धक्का मार रे" चालत नाही. दोरी बांधून ओढूही नये. गाडी उचलून न्यावी लागते.

वजन जास्त आणि जोर एकदम, म्हणून टायर लवकर झिजतात. वाचलेल्या ऑइलच्या पैशातले काही टायरवाल्याकडं जातात.

युरोपात इलेक्ट्रिक गाडीला कमी वेगात मुद्दाम आवाज काढावा लागतो, नाहीतर पायी चालणाऱ्याला ती आल्याचं कळत नाही. बुलेटचा सायलेन्सर बदलून फटाके फोडणाऱ्या आमच्या गावाला आवाज विकत घेण्याची ही कल्पना पटायला वेळ लागणार नाही.

आता पैशाचं बोला

पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. घरगुती मीटरवर युनिटं चढतात तसा दरही चढतो, म्हणून वीज १५ रुपये युनिट धरू. छतावर सोलर असेल तर पुष्कळच कमी. गावात पेट्रोल गाडीला किलोमीटरला सात रुपये, विजेच्या गाडीला सव्वादोन-अडीच. वाचले साडेचार-पावणेपाच.

नाद खुळा! पण थांबा. इलेक्ट्रिक गाडी त्याच तोडीच्या पेट्रोल गाडीपेक्षा अडीच लाखांनी महाग पडली असं समजा. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर उतरला आणि विजेच्या गाड्यांवर तो आधीपासून ५ टक्केच आहे, त्यामुळं हा फरक आता सहज मिटत नाही. दिवसाला १५ किलोमीटर फिरणाऱ्या राजारामपुरीतल्या गृहस्थाला हे अडीच लाख वसूल व्हायला नऊ-दहा वर्षं लागतील. बॅटरीची वॉरंटी बहुधा आठ वर्षांची असते.

म्हणजे ज्याच्या छोट्या फेऱ्यांना विजेची गाडी सगळ्यात जास्त मानवते, त्याचे पैसे सगळ्यात उशिरा फिटतात. वसुली होते ती अप-डाऊन करणाऱ्याची. कोल्हापूर-इचलकरंजी रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर. हायवेचा वेग धरून किलोमीटरला साडेतीन रुपये वाचले, तरी चार वर्षांत फिटंफाट. कोल्हापूर-सांगली रोज शंभर किलोमीटर करणाऱ्याचे पैसे अडीच वर्षांच्या आत निघतात, आणि संध्याकाळी परत येताना बॅटरीत वीज शिल्लक असते.

पुणं? २३० किलोमीटर. छोट्या बॅटरीला वाटेत एकदा थांबावं लागेल. जलद चार्जरवर पाऊण तास ते तासभर. दर मात्र घरच्यापेक्षा चढा. कराड-साताऱ्याला नाश्त्याला आपण तसंही तेवढा वेळ घालवतोच. फक्त सुट्टीच्या आदल्या दिवशी चार्जरपुढं आणखी दोन गाड्या असतील, तर मिसळ सावकाश खावी लागते.

तेव्हा माझा निकाल असा : स्वतःची पार्किंगची जागा आणि रोजची पन्नास-साठ किलोमीटरची पळापळ, दोन्ही असेल तर बिनधास्त इलेक्ट्रिक घ्या. गाडी गल्लीत झोपत असेल तर तूर्त पेट्रोलच बरी. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायचा विचारही करू नका. आणि जागा आहे पण पळापळ नाही, असे असाल तर इलेक्ट्रिक घ्या ती हौसेनं, बचत म्हणून नव्हे. कोल्हापुरात हौस हे पुरेसं कारण आहे.

शोरूममध्ये जाण्याआधी एक काम करा. ओळखीच्या वायरमनला बोलवा, पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा प्लग बसतो का ते विचारा, आणि अर्थिंग तपासून घ्या.