दुधी द्यायचा कुणाला? परसबागेतली जादा भाजी आणि तिच्याविषयीचे गैरसमज

पावसाळा ओसरू लागला की परसातले आणि गच्चीवरचे वेल एकदम जोर धरतात. पहिला दुधी घरात, दुसरा शेजारी, तिसरा कामाच्या मावशींना. पाचवा हातात दिसला की शेजारी दार जरा उशिराच उघडतात. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून लोकांना गच्चीवर पिकवायला शिकवलं, त्याला किती वर्षं झाली. आपण पिकवायला शिकलो, पण जास्त झालेलं कुठे द्यायचं हे बहुतेकांना अजून ठाऊक नसतं. वृद्धाश्रम, बालकाश्रम, वसतिगृहं, अन्नछत्रं, गुरुद्वारातले लंगर असे स्वयंपाक रोज चालू असतात. तिथवर भाजी पोचत नाही, ती बहुतेकदा आपल्याच काही समजांमुळे.

त्यातला सगळ्यात हट्टी समज म्हणजे ‘एवढीशी भाजी घेऊन कुणाच्या दारात जायचं?’ हिशेब करून बघा. शाळेतल्या पोषण आहाराच्या निकषात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे, सहावी ते आठवीसाठी ७५ ग्रॅम. म्हणजे तुमची २ किलो भाजी ही ४० लहान मुलांची एका दिवसाची भाजी झाली. शिवाय पैशाची ओढाताण असलेल्या स्वयंपाकघरात बटाटा आणि कांदा कसाही येतो. कात्री लागते ती पालेभाजीला, लिंबाला, कोथिंबिरीला. कढीपत्त्याचं एक झाड पन्नास माणसांच्या आमटीला वर्षभर पुरून उरतं, आणि त्याची पानं कुणी नको म्हटलेली माझ्या तरी ऐकिवात नाही.

दुसरा समज एका फोनवरून तयार होतो. उरलेलं अन्न गोळा करणाऱ्या एखाद्या संस्थेला विचारलं, त्यांनी कच्ची भाजी घेत नसल्याचं सांगितलं, आणि आपण ठरवून टाकलं की कुणालाच नको आहे. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ साली सुरू केलेली रोटी बँक घ्या. लग्नसमारंभांत उरलेलं शिजलेलं अन्न उचलायचं आणि ते खराब होण्याआधी भुकेल्या माणसापर्यंत न्यायचं, ही अशा कामाची रीत. त्यात गाडी लागते, चूल लागत नाही. कच्च्या दुधीचं तिथे करायचं काय? कच्ची भाजी चूल पेटते तिथेच द्यायची. गावातली शाळाही यात येते. पोषण आहारात लोकसहभागासाठी केंद्राची ‘तिथी भोजन’ नावाची कल्पना आहे, महाराष्ट्रात तिला ‘स्नेहभोजन’ म्हणतात. मुख्याध्यापकांना विचारून भाजी देता येते.

कायद्याची भीती त्यामानाने उगाचची आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात शेतकरी आणि त्याच्या शेतावरचा माल वगळलेला आहे. घरच्या बागेतली भाजी फुकट देणं म्हणजे काही व्यवसाय थाटणं नव्हे. संस्थेची गोष्ट मात्र वेगळी. कायद्यातली ‘अन्नव्यवसाया’ची व्याख्या नफ्यावर बेतलेली नाही, त्यामुळे धर्मादाय स्वयंपाकघरही तिच्यात बसतं. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ चे स्वतंत्र नियमही आहेत. अमेरिकेत १९९६ पासून सद्भावनेने अन्न देणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा आहे. त्याच्याबद्दल वाचून काही जण इथेही तीच कलमं लागू असल्यासारखं बोलतात. तो तिकडचा कायदा आहे.

आता ज्या समजाची मला खरी धास्ती वाटते तो. ‘घरची भाजी आहे, औषध मारलेलं नाही, म्हणजे निर्धोक.’ दुधी, दोडका, काकडी या कुळातल्या भाज्यांत कधीकधी कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्यं वाढतात. आपोआप उगवलेला वेल, घरी धरलेलं बी, पाण्याचा ताण अशा वेळी हा धोका जास्त. कडू दुधीचा रस प्यायल्याने आपल्याकडे माणसं दगावली आहेत. हा कडूपणा शिजवल्याने जात नाही. घरात एखादा कडू दुधी निघाला तर चारजण तोंड वाकडं करून ताट बाजूला सारतील. आश्रमात तोच दुधी मोठ्या पातेल्यात दहा चांगल्या दुधींबरोबर शिजतो, आणि भुकेलं मूल किंवा ज्याच्या जिभेची चव गेली आहे असा म्हातारा तो गिळूनही टाकतो. म्हणून प्रत्येक वेलाचं एक फळ आधी घरी कापा, देठाकडची बारीक फोड जिभेला लावून पाहा आणि थुंका. कडू लागली तर त्या वेलाचं काहीही देऊ नका. जिथे भाजी जाते तिथेही हे सांगून ठेवा, कारण एकाच वेलाची सगळी फळं सारखी निघतील याची खात्री नसते.

तसंच जीवामृत किंवा ताज्या शेणाचं पाणी. मुळाशी घाला, पालेभाजीच्या पानांवर फवारून दुसऱ्या दिवशी जुडी बांधू नका. शेणातले जंतू पानाला चिकटून राहतात आणि कोथिंबीर तर बहुतेकदा कच्चीच खाल्ली जाते. फवारणीचं औषध वापरलं असेल तर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते त्याच्या डब्यावर छापलेलं असतं, तेवढे दिवस थांबा.

‘गरजूंना काय, काहीही चालतं’ असं उघडपणे कुणी म्हणत नाही, पण पिशवीत काय घातलं आहे त्यावरून ते कळतं. जून झालेली भेंडी, फुलोऱ्यावर आलेली मेथी, अर्धी नासलेली पपई. हे देणं म्हणजे आपला ओला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणं आहे, वर निवडत बसणाऱ्या बाईचा तासभर जातो तो निराळाच. वाकडी काकडी, चट्टा पडलेलं वांगं, बुटका दुधी यांत मात्र काही वावगं नाही. आज रात्री आपल्या घरी जे शिजवाल तेच द्या. कोकणातला फणस हे वेगळं प्रकरण. मेमध्ये झाडाखाली सडून जातो, पण अख्खा फणस नेऊन ठेवला तर चीक सोसून तो कापायचा कुणी? गरे काढून द्या, किंवा भाजीची कुयरी असेल तर कापायला माणूस सोबत न्या.

भाजी धुऊन देणं म्हणजे स्वच्छता, असं पुष्कळांना वाटतं. ओली पालेभाजी बंद पिशवीत लवकर कुजते. सकाळी तोडा, माती झटका, कापडात गुंडाळा. पिकलेली केळी किंवा पपई त्याच पिशवीत नको, त्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने पालेभाजी पिवळी पडते. पालेभाजी जवळच्या ठिकाणी द्या. लाल भोपळा महिनोन्‌महिने टिकतो, तो लांब गेला तरी चालेल.

आणि कराचं विचाराल तर, ‘८०जी’ची सवलत पैशाच्या देणगीला मिळते, दुधीला नाही.

बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आधी फोन. उद्या काय शिजणार, भाजी कधी चिरायला घेतात, किती माणसं जेवतात, हे विचारा. संस्थेला वर्षातून एकदा आलेल्या पोतंभर भाजीपेक्षा दर बुधवारी येणारी दोन किलो सोयीची पडते, कारण ती धरून बेत ठरवता येतो. पुढचं बी पेरण्याआधीही विचारून घ्या. केल आणि झुकिनी तुमच्या गच्चीवर शोभतात, पण तिथल्या स्वयंपाकिणीला हवी असते मेथी. तिच्यासाठी मेथीचा एक वाफा जास्त धरा.