झाकणभर औषधाचा हिशेब

मध्य प्रदेशातल्या परासियाची, कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं सिरप पिऊन आजारी पडलेली लेकरं नागपूरला हलवल्याच्या बातम्या ऑक्टोबर 2025 मध्ये आल्या, तेव्हापासून अमरावती-अकोल्यात मेडिकलवर उभ्या राहिलेल्या आईबापांच्या मनात एकच प्रश्न असणार: सिरप शुद्ध आहे ना? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. कोल्ड्रिफच्या एसआर-13 बॅचमध्ये तामिळनाडूच्या तपासणीत 48.6 टक्के डायइथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं. त्या सिरपला औषध म्हणणंच चूक. शिवाय त्या बाटलीवर लिहिलेली औषधं होती पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन. त्यांतलं एकही मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्राला आवरणारं नाही. ते काम करतं दुसऱ्या सिरपांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, आणि ते अगदी चोख असलं तरी प्रत्येकाचं शरीर त्याची सारखी विल्हेवाट लावत नाही. तपासणीच्या अहवालात हे कधीच दिसणार नाही.

घोट पोटात गेला की डेक्स्ट्रोमेथॉर्फन आतड्यातून भराभर शोषलं जातं आणि रक्तात पसरण्याआधी यकृतातून जातं. तिथे सीवायपी-2डी6 नावाचं एन्झाइम त्यातल्या बहुतेकाचं डेक्स्ट्रॉर्फन करून टाकतं. मग त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड मिळते, ते पाण्यात विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. ज्यांचं एन्झाइम चांगलं चालतं, त्यांच्या रक्तातलं औषध दोन ते चार तासांत निम्म्यावर येतं. पण आपल्याकडे शेकडा दोन-चार माणसांत हे एन्झाइम जन्मतःच जवळपास बंद असतं, आणि त्यांना याच कामाला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. दर सहा तासांनी एक झाकण, असा हिशेब मांडून बघा. पहिल्या माणसात पुढच्या झाकणापर्यंत मागचं पाव उरतं; दुसऱ्यात पाचातले चार भाग तसेच राहतात, म्हणजे चौथ्या झाकणाला त्याच्या अंगात तीन डोस साठलेले. त्यातून गुंगी, झोकांड्या, भ्रम. फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिनसारख्या नैराश्याच्या गोळ्या एन्झाइम चांगलं चालणाऱ्या माणसातही ते अडवतात. बाटलीवरचा डोस सरासरी माणसाचा असतो आणि तान्ह्या लेकराची सरासरी कुणी नीट मोजलेलीच नाही. दिल्लीत 2021 मध्ये याच औषधाची बाधा झालेली सोळा मुलं कलावती सरन रुग्णालयात आली, त्यांतली तीन दगावली. तिथे प्रश्न भेसळीचा नव्हता, चार वर्षांखालच्या मुलांना हे औषध देण्याचा होता.

आता डायइथिलिन ग्लायकॉलचं बघा. तेही शोषलं जातं आणि यकृतातच जातं, पण तिथे उलटं घडतं. अल्कोहोल पचवणारं एन्झाइम त्याच्यावर काम करतं आणि शेवटी त्यातून डायग्लायकॉलिक आम्ल तयार होतं. ते मूत्रपिंडाच्या नलिकांत साठून त्यांच्या पेशी मारतं. म्हणून आधी उलट्या होतात, आणि एक-दोन दिवसांनी लघवी बंद होते. मुंबईच्या जेजे रुग्णालयात 1986 मध्ये भेसळीच्या ग्लिसरिनने चौदा रुग्ण गेले, तेव्हाही विष हेच होतं. लेंटिन आयोगाने त्यावर सविस्तर अहवाल दिला. इतक्या वर्षांनी तीच भेसळ पुन्हा सापडते, याला मी अपघात म्हणणार नाही.

यावर कुणी म्हणेल, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या देत आलो, काही झालं नाही. बरोबर, कारण बहुतेकांचं यकृत कामाचं असतं. ते सिरपचं प्रशस्तिपत्र नव्हे. सर्दीचा खोकला बहुधा आपोआपच ओसरतो. साध्या खोकल्यावर सिरपचा ठोस फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, आणि एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध त्याच्या तोडीचा ठरतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: हजाराखालच्या वस्तीच्या गावात परवान्याविना खोकल्याचं सिरप विकण्याची औषध नियमांच्या शेड्यूल के मधली सवलत काढण्याचा मसुदा केंद्राने काढला, मग मेळघाटातल्या माणसाने जायचं कुठे? धारणी-चिखलदऱ्याकडच्या पाड्यावर डॉक्टर दूर असतो हे खरंच. पण तिथे सिरपने खोकला दाबला गेला, तर धापा टाकणाऱ्या लेकराचा न्यूमोनिया किंवा दोन आठवडे खोकणाऱ्याचा क्षय तेवढा उशिरा कळतो. आशाताईंनी थुंकीची डबी वेळेत पोचवणं तिथे बाटलीपेक्षा मोलाचं. आणि औषधाला दाद न देणारा क्षय निघालाच, तर उपचारात बहुधा लिनेझोलिड असतं. ते चालू असताना डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेतलं तर मेंदूतलं सेरोटोनिन धोकादायक पातळीवर चढू शकतं. तेव्हा क्षयाच्या रुग्णाने खोकल्याची बाटली मागितली, तर आधी त्याच्या गोळ्यांचं पाकीट बघायला हवं.