पेंढा, पेट्रोल आणि एका विकराची वळणं

दिवाळीच्या आगेमागे पवन मावळ, आंदर मावळ आणि नाणे मावळातल्या खाचरांत भाताची कापणी सुरू होते. झोडणी उरकली की भात घरात येतं आणि पेंढा गुरांसाठी रचून ठेवला जातो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणीच्या वासाचं कौतुक पुण्या-मुंबईपर्यंत होतं, पण तिच्या पेंढ्याबद्दल कुणी बोलत नाही. त्या पेंढ्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग सेल्युलोज असतो, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. इकडे लोणावळ्याच्या पंपावर गाडीत भरलेल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. मग या पेंढ्याचंच इथेनॉल का करू नये?

आज आपल्याकडचं बहुतेक इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून किंवा मका आणि तांदळाच्या कणीपासून होतं. हे काम यीस्ट करतं. यीस्ट साखर झपाट्याने आंबवतं, मात्र सेल्युलोज तोडणं त्याला जमत नाही. पेंढ्यातली झायलोज नावाची दुसरी साखरही नेहमीच्या यीस्टला पचत नाही. शिवाय सेल्युलोजभोवती लिग्निनचं चिवट आवरण असतं आणि भाताच्या पेंढ्यात सिलिकाही भरपूर.

यावरचं बरंच काम पुणे जिल्ह्यातच झालं आहे. मावळाला लागून असलेल्या मुळशी तालुक्यात उरवडे इथे प्राज इंडस्ट्रीजचं संशोधन केंद्र आहे. दौंड तालुक्यातल्या राहू इथे याच कंपनीने २०१७ मध्ये शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल बनवणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. हेच तंत्र वापरून इंडियन ऑइलने पानिपतला मोठा कारखाना बांधला आणि १० ऑगस्ट २०२२ रोजी त्याचं लोकार्पण झालं. वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल द्यायचं, अशी त्याची आखणी आहे. म्हणजे टनाला साधारण दीडशे लिटर.

अशा कारखान्यात पेंढा आधी उष्णता आणि रसायनांनी सैल करावा लागतो, मग त्यावर विकरं म्हणजे एन्झाइम टाकून साखर सोडवावी लागते आणि त्यानंतर ती आंबवावी लागते. प्रत्येक पायरीला खर्च आहे. सेल्युलोज तोडण्यापासून मद्यार्क बनवण्यापर्यंतचं काम एकाच जिवाणूने केलं तर? क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम हा जिवाणू जवळपास ते करतो. त्याला ऑक्सिजन चालत नाही आणि साठ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. सेल्युलोज तोडणारी अनेक विकरं एका सांगाड्यावर बसवलेला ‘सेल्युलोसोम’ त्याच्याकडे असतो. एड बेयर आणि राफाएल लामेड यांनी १९८३ मध्ये तो ओळखला. साखर सुटल्यावर इथेनॉलपर्यंतच्या शेवटच्या दोन पायऱ्या ज्याच्या हाती असतात, ते विकर म्हणजे एडीएचई.

एडीएचई अनेक जिवाणूंमध्ये आढळतं, आपल्या आतड्यातल्या ई. कोलायमध्येसुद्धा. ई. कोलायमधला त्याचा रेणू ८९१ अमिनो आम्लांचा आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग साखर फोडून तयार झालेल्या ॲसिटिल-कोएचं ॲसिटाल्डिहाइड करतो. दुसऱ्या भागात लोहाचा अणू असतो आणि तिथे ॲसिटाल्डिहाइडचं इथेनॉल होतं. मधलं ॲसिटाल्डिहाइड पेशीला विषारी असतं, दिसेल त्या प्रथिनाला ते चिकटतं. म्हणून ते मोकळं सुटण्याआधीच दुसऱ्या भागाच्या हवाली होणं गरजेचं असतं.

ही सोय विकराच्या रचनेतच आहे. एडीएचईचे रेणू सुटे राहत नाहीत. ते एकमेकांना जोडले जाऊन पेनातल्या स्प्रिंगसारखा वेटोळ्यांचा धागा तयार होतो. त्याला ‘स्पायरोसोम’ म्हणतात. दक्षिण कोरिया आणि ग्लासगो इथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ई. कोलायच्या स्पायरोसोमची रचना साडेतीन अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने टिपली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पहिल्या पायरीची जागा वेटोळ्याच्या बाहेरच्या अंगाला आणि दुसरीची आतल्या अंगाला असल्याचं या चित्रात दिसलं. विकराला कामात साथ देणारे लहान रेणू, म्हणजे सहघटक, मिळाले की धागा ताणला जातो आणि त्याचा आकार बदलतो. वेटोळं मोडेल असा बदल रेणूत केला, तर विकराचं कामच बंद पडतं. फ्रान्समधल्या गटाने २०२० मध्ये याला पुष्टी दिली. ॲसिटाल्डिहाइड एका भागाकडून दुसऱ्याकडे पोचवायला हा धागाच लागतो, असं त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलं.

या माहितीचा उपयोग काय? जास्त इथेनॉल हवं म्हणून या विकरात बदल करताना कुठे हात लावायचा आणि वेटोळं सांभाळण्यासाठी कुठे लावायचा नाही, हे आता कळतं. असा एक बदल प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूत आपोआप झालेला सापडला आहे. इथेनॉल अधिक सोसणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलमच्या वाणात एडीएचईमधली दोन अमिनो आम्लं बदललेली असल्याचं २०११ मध्ये दिसलं. त्यामुळे या विकराने एनएडीएचऐवजी एनएडीपीएच हा सहघटक वापरायला सुरुवात केली होती.

अडचणही इथेच आहे. एका इथेनॉलसाठी एडीएचईला दोन एनएडीएच लागतात. एका ग्लुकोजपासून दोन इथेनॉल करायची तर चार हवेत, पण ई. कोलायला ग्लुकोज फोडून हवेविना दोनच मिळतात. म्हणून तो इथेनॉलबरोबर ॲसिटेटसारखे इतर पदार्थही बनवतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या लॉनी इन्ग्रम यांनी एडीएचईला वळसा घातला. झायमोमोनास या दुसऱ्या जिवाणूची दोन जनुकं त्यांनी ई. कोलायमध्ये घातली. या शोधाला १९९१ मध्ये अमेरिकेचं पन्नास लाखावं पेटंट मिळालं.

तेव्हा मावळातल्या पेंढ्याचं गणित सोपं नाही. पंजाब-हरियाणात शेतात जाळला जाणारा पेंढा आणि इथल्या गोठ्यात गुरांसमोर पडणारा पेंढा यांची किंमत सारखी नाही. गाईच्या पोटातले जिवाणू तोच पेंढा फोडून तिला पोसतात, हाही त्याचा उपयोगच आहे. शिवाय डोंगरउतारावरच्या लहान खाचरांतून हलका पण जागा व्यापणारा पेंढा गोळा करून दूरच्या कारखान्यात न्यायचा, तर वाहतुकीचाच खर्च अंगावर येतो. एकाच टाकीत सगळं काम उरकणारा जिवाणू हाती आला, तर लहान प्रकल्प गावाजवळ चालू शकेल, आणि एडीएचईच्या रचनेचं ज्ञान त्यासाठीच मोलाचं आहे. तोवर मावळात पेंढ्यावर पहिला हक्क गुरांचा राहावा आणि इंधनाचा विचार फक्त उरलेल्या पेंढ्यापुरता व्हावा.